यीस्टचा स्टार्टर तयार झाला का? फेस सोडा, साका बघा

घरी बिअर करणारा नवखा माणूस फ्लास्कवर फेस दिसला नाही की यीस्ट मेलं समजतो आणि स्टार्टर, म्हणजे बिअरला घालण्याआधी थोड्या गोड द्रवात वाढवलेलं यीस्ट, मोरीत ओततो. बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. फेस रात्री तीनला वर येऊन सकाळी बसलेला असतो. मॅग्नेटिक स्टिररवर (चुंबकाने द्रव सतत ढवळणाऱ्या यंत्रावर) तर तो धरतच नाही. काचेला आतून, पातळीच्या वर, तपकिरी कडं चिकटलं असेल तर फेस येऊन गेला एवढं नक्की.

प्रमाण असं: १ लिटर स्टार्टरला १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड). घनता (पाण्याची १.००० धरून) १.०३६ ते १.०४० येते. दहा-पंधरा मिनिटं उकळून २०-२४ अंशांपर्यंत गार करा, मगच यीस्ट घाला. जास्त गोड केल्याने यीस्ट जास्त मिळत नाही, उलट दाट वर्टमध्ये (माल्टच्या गोड पाण्यात) पेशींची दमछाक होते. सुरुवातीची घनता लिहून ठेवा.

बारा ते चोवीस तासांत कोऱ्या चहासारखं वर्ट दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसू लागतं. फ्लास्क गोल फिरवला की सोड्यासारखे बुडबुडे सुटतात. पण वर्टमधला गाळही गढूळपणा आणतो, म्हणून घनता मोजायलाच हवी. १.०३८ वरून १.०१० च्या आसपास उतरली, आणि आठ तासांनी तेवढीच भरली, की काम झालं. हायड्रोमीटरला (द्रवात तरंगवून घनता मोजायच्या नळीला) शंभर मिली नमुना लागतो आणि एका लिटरातून तेवढा काढणं जिवावर येतं. तिथे रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाला) दोन थेंब चालतात. अल्कोहोलमुळे त्याचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, तरी तो स्थिरावला का हे त्यावर कळतं. नमुना परत फ्लास्कात ओतू नका.

खरा निकाल फ्रिजमध्ये लागतो. चोवीस तास गार ठेवल्यावर तळाशी पातळ तपकिरी गाळ आणि त्यावर सायीच्या रंगाचा दाट साका बसतो. हा वरचा थर म्हणजे यीस्ट. १.०५० घनतेच्या २० लिटर एलला (कोमट तापमानाला आंबवायच्या बिअरला) साधारण १८,६०० कोटी पेशी लागतात. द्रव यीस्टच्या बऱ्याच पाकिटांत ताजेपणी १०,००० कोटींच्या आसपास असतात. म्हणजे पाकिटातल्या साक्याच्या जवळपास दुप्पट साका दिसायला हवा. इंग्लिश एलच्या यीस्टचे गोळे होतात, स्टिररवरही ते तळ सोडत नाहीत. तो दोष नव्हे. गव्हाच्या बिअरचं यीस्ट उलट बसायलाच तयार नसतं, त्याला ४८ तास द्या.

आता वास. पावाच्या कणकेचा, किंचित आंबूस वास चांगला. वरची निवळ चाखली तर हॉप (कडवटपणा देणारी फुलं) नसलेल्या, हवा लागलेल्या बिअरसारखी बेचव लागते, तीही ठीक. लागर (थंडीत आंबवायच्या बिअरच्या) यीस्टला सडक्या अंड्याचा वास येतो, तो उडून जातो. व्हिनेगर, ओकारी किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, नाहीतर वर सुरकुतलेला पापुद्रा दिसला तर हळहळू नका, फेकून द्या. वीस लिटर वर्ट वाया जाण्यापेक्षा शंभर ग्रॅम माल्ट गेलेलं परवडतं.

चोवीस तासांत काहीच हललं नाही? पाकीट जुनं असेल तर जिवंत पेशी थोड्या असतात आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. २२ अंशांवर ४८ तास वाट बघा, तरीही घनता जागची हलली नाही तर टाका. सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब मेथिलीन ब्लू घाला: मेलेल्या पेशी निळ्या होतात. शंभरात दहापर्यंत निळ्या असल्या तरी चालेल.

वापरताना निवळ ओतून टाका, साका हलवता येईल इतकीच मागे ठेवा. फ्लास्क बाहेर काढून वर्टच्या तापमानाजवळ येऊ द्या, फार फरक असला तर पेशींना झटका बसतो. सुक्या यीस्टला मात्र यातलं काहीच करू नका, ते थेट वर्टात घालायचं असतं.