काचा पुसताना पडू नये म्हणून

काचा पुसायच्या कामात नवीन माणूस पडतो असं लोकांना वाटतं, मी मात्र उलटंच बघत आलोय. नवीन माणूस घाबरलेला असतो, तो शिडी सोडतच नाही. पडतो तो चार-पाच वर्षं मुरलेला, ज्याला उजवीकडे वरचा एक कोपरा राहिलेला दिसतो आणि खाली उतरून शिडी सरकवायचा कंटाळा येतो, मग एक पाय उचलून, वायपर बोटांच्या टोकावर धरून हात लांबवायचा, "एवढंच राहिलंय" म्हणायचं, आणि गेला. मी पण असाच गेलोय एकदा. उंची जेमतेम दोन मीटर, मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर. दोन मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? तेवढं खाली यायला साधारण ०.६ सेकंद लागतात आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. तोंडातून "अरे" सुद्धा पूर्ण निघत नाही.

म्हणून सगळ्यात आधी बेंबीचं बघा. बेंबी कायम शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये पाहिजे. ती बाहेर गेली की शरीराचं वजन बाहेर गेलं, मग शिडी कितीही भारी कंपनीची असो, ती फिरणार. कोपऱ्यापर्यंत हात पोचत नसेल तर उतरायचं, शिडी सरकवायची, परत चढायचं. दिवसातून पन्नास वेळा करावं लागलं तरी करायचं.

शिडी लावताना हिशोब सोपा आहे, उंची चार मीटर असेल तर पाया भिंतीपासून एक मीटर लांब. मोजायला टेप नको, शिडीच्या पायाला बुटाची टोकं लावून सरळ उभं राहा आणि खांद्याच्या उंचीवर हात समोर करा, तळवे आरामात पायरीवर टेकले म्हणजे कोन बरोबर. शिडी जास्त उभी झाली तर माणूस मागे पडतो, जास्त आडवी झाली तर खालून घसरते. आता आपल्या कामातली खास गोची काय, तर साबणाचं पाणी आपणच वरून सांडतो आणि ते जातं थेट शिडीच्या पायाखाली. सकाळी कोरडी असलेली फरशी दहा मिनिटांत साबणाची होते. त्यामुळे मॉप बादलीतच नीट पिळून घ्यायचा, शिडी सरकवली की दर वेळी पायाखालची जागा पुसायची, आणि पायाचे रबर झिजलेत का ते आठवड्यातून एकदा तरी उलटं करून बघायचं. गुळगुळीत फरशीवर खाली एक माणूस धरायला असेल तर उत्तम, पण तो मोबाईल बघणारा नको.

शिडीचं वरचं टोक काचेवर टेकवायचं नाही, पावसाच्या पन्हाळीवर पण नाही, ती प्लॅस्टिकची असेल तर वाकते नाहीतर घसरते. भिंतीवरच टेकवा. सरळ शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या पाय ठेवण्यासाठी नाहीतच असं समजा. घोडा शिडी असेल तर ती पूर्ण उघडून, मधला लॉक लावून वापरायची, मिटवून भिंतीला टेकवायची नाही.

दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, असे तीन आधार कायम ठेवा असं सगळेच सांगतात आणि बरोबरच आहे, पण काचवाल्याच्या एका हातात मॉप, दुसऱ्यात वायपर, मग धरायचं कशाने? यावर माझा उपाय म्हणजे कमरेला पट्टा, त्यात वायपर आणि फडकं, हातात एका वेळी एकच वस्तू. मॉप मारला, पट्ट्यात खोचला, मग वायपर काढला. चढताना तर हातात काहीच नको, बादली खालीच राहू दे किंवा शिडीला हुकने अडकवा.

खरं सांगू का, शिडी टाळता आली तर टाळाच. लांब पोलवर ब्रश आणि त्यातून शुद्ध केलेलं पाणी, याने दोन-तीन मजले जमिनीवर उभं राहून होतात. पाण्यात क्षार नसतात म्हणून डाग न पडता वाळतं, वायपरची गरजच नाही. पण यातही एक मोठा धोका आहे आणि तो म्हणजे वीज. कार्बन फायबरचा पोल हलका असतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण त्यातून वीज वाहते, ॲल्युमिनियमच्या शिडीसारखीच. तार जवळ असेल तर पोल उभा करायच्या आधी वर बघा, मान खाली घालून पोल वाढवत नेणारे खूप बघितलेत. तारेच्या आसपासचं काम सोडून द्या, खरंच.

आतून पुसताना लोक खिडकीच्या कठड्यावर उभे राहून अर्धं अंग बाहेर काढतात आणि दुसऱ्या हाताने खिडकीचं हँडल धरतात. हँडल दोन छोट्या स्क्रूवर असतं, ते माणसाचं वजन पेलायला बनवलेलं नाही. त्यापेक्षा छोटा पोल घ्या आणि पाय घरात जमिनीवरच ठेवा. काचेला तडा दिसला तर ती काच पुसायचीच नाही, मालकाला सांगायचं. आणि भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकू शकते.

हार्नेस म्हणजे उंचावर अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, त्याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं पट्टा बांधला की झालं. पण १.८ मीटरचा दोर, त्याचा झटका शोषणारा भाग उघडून आणखी एक मीटर, मग तुमचं शरीर, शिवाय पायाखाली थोडी मोकळी जागा, असं सगळं धरलं तर दोर अडकवलाय तिथपासून खाली साधारण साडेपाच मीटर मोकळे लागतात. तीन मीटरवर काम करत असाल तर दोर तुम्हाला थांबवायच्या आधीच तुम्ही जमिनीवर आदळू शकता. तिथे पडू न देणारा आखूड दोर पाहिजे, पडल्यावर थांबवणारा नाही.

उंच इमारतीवर दोरावर लटकून करायचं काम वाचून शिकायचं नाही, ट्रेनिंग घ्या, म्हणून इथे फक्त काम घेण्याआधी काय विचारायचं ते सांगतो. दोर दोन आहेत का, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेत का? कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून पॅड आहे का? वारा किती, कारण झुल्याचं काम ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा गेला की थांबवतात. आणि मधेच कोणी लटकून राहिलं तर त्याला खाली कोण आणि कसं आणणार? हार्नेसमध्ये न हलता लटकलं की रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते, म्हणून "फोन करू कोणाला तरी" हे उत्तर चालणार नाही. वर नेलेली प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली हवी आणि खालची जागा अडवलेली हवी.

केमिकलचं थोडक्यात. पाण्याचे पांढरे डाग काढणाऱ्या काही लिक्विडमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते त्वचेवर पडलं तर सुरुवातीला दुखत पण नाही, आत मात्र जाळत जातं. लेबल वाचा, पडलंच तर भरपूर पाण्याने धुवत लगेच डॉक्टर गाठा, आणि बाटली बरोबर न्या. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. स्क्रॅपरचं पातं झाकण लावूनच ठेवा, खिशात उघडं ठेवून खाली बसलेला एक जण मला माहितीये, पुढचं सांगत नाही.

आणि उतरताना. शेवटची पायरी आली असं समजून हवेत पाय टाकणारे कमी नाहीत, लक्ष काचेवर रेघ राहिली का याकडेच असतं. मी चढताना पायऱ्या मोजतो. सात चढलो की सात उतरतो, आणि मगच वर बघतो.