सूक्ष्म अशनी शोधताना या चुका टाळा

सूक्ष्म अशनी म्हणजे अंतराळातून पडलेले धुळीएवढे कण; ते छतावरच्या धुळीत चुंबकाने शोधतात. चुंबकाला चिकटलेला, सूक्ष्मदर्शकाखाली गोल गरगरीत दिसणारा प्रत्येक कण आकाशातून आलेला मानणं, ही सगळ्यात मोठी चूक. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ग्राइंडरखालचा चुरा यांतूनही असे लोहगोल ढिगांनी तयार होतात. म्हणूनच शहरात अशनीकण वेगळे ओळखणं अशक्य समजलं जाई. नॉर्वेचे जॅझ संगीतकार यॉन लार्सन यांनी ऑस्लो, पॅरिस, बर्लिनच्या छतांवरची धूळ तपासली आणि शास्त्रज्ञ मॅथ्यू गेंज यांच्यासह सुमारे ५०० कण ओळखून ती समजूत खोडून काढली.

गोलाई नको, पृष्ठभाग बघा. अंतराळातल्या धुळीचा कण सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो, काही क्षणांत वितळतो, पृष्ठताणामुळे थेंब होतो आणि तितक्याच झटपट थिजतो. या घाईच्या खुणा त्याच्या अंगावर राहतात: ऑलिव्हिन खनिजाच्या समांतर पट्ट्या, मॅग्नेटाइट या लोहखनिजाची नेच्याच्या पानांसारखी नक्षी. काहींच्या टोकाला धातूचा मणी फुगलेला असतो. हवेच्या अडथळ्याने थेंब मंदावतो, पण आतला जड लोह-निकेल पुढेच रेटतो, म्हणून तो पुढच्या बाजूला जमतो. कधी तो निसटतो आणि मागे खळगा उरतो. हे मला फार विलक्षण वाटतं: तो कण कुठल्या बाजूने खाली आला, तेही त्याच्याकडे बघून कळतं! वेल्डिंगचे गोळे मात्र बहुधा गुळगुळीत, चकचकीत, कधी पोकळ किंवा शेपटीवाले असतात.

म्हणूनच वेडेवाकडे कण घाईने फेकू नका. अर्धवट वितळलेले कण आतल्या वायूमुळे फेसाळ, सच्छिद्र होतात. फिरता थेंब लांबटही थिजतो.

चुंबक उघडा वापरू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर कण सुटता सुटत नाहीत. चुंबकाने न उचललेली धूळही एकदा पाहा. काचेसारख्या कणांत धातू इतका कमी असतो की ते मागेच राहतात.

धूळ न धुता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीत तर चिखलाच्या थराखाली नक्षी दिसणारच नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग चाळा. छतांवर सापडणारे बरेचसे कण ०.२ ते ०.४ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे सगळ्यात बारीक भुकटीत वेळ घालवू नका. उतरत्या किंवा निसरड्या छतावर एकट्याने चढू नका. पन्हाळीतला गाळही चालतो.

सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोवरून शंका मिटली नाही, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रासायनिक घटक तपासून घ्यावेत. तोवर पुडीवर ‘संशयित’ असंच लिहा, सोबत जागा आणि तारीख.