मोठी स्कूटर घेताना आणि ती अंगाला बसवताना: घाट, खारा वारा आणि डबलसीटचा हिशेब

कोकणात एकशेदहा सीसीची स्कूटर वाडीतून बाजारात जायला काही कमी पडत नाही. कमी पडते ती दोन ठिकाणी. एक, डबलसीट आणि डिक्कीभर सामान घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना. दुसरं, मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकांच्या संगतीने तास-दीड तास सलग चालवताना. ही कामं वर्षातून गणपतीला आणि शिमग्यालाच पडत असतील, तर आहे त्या गाडीचे टायर, शॉकअप आणि सीट नीट करून घ्या. चार-सहा हजारांत काम होतं. दर आठवड्याला पडत असतील तर पुढचं वाचा.

गाडी निवडताना

शोरूममध्ये पहिला प्रश्न सीसीचा विचारतात. इथल्या रस्त्याला आधी चाक बघावं. ॲक्टिवा ६जीचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची आहे. बर्गमन स्ट्रीट अंगाने भलीथोरली दिसते, पण साध्या मॉडेलचं मागचं चाक तेच १० इंची. ईएक्स मॉडेलला मागेही १२ इंची मिळतं. एनटॉर्कला दोन्ही १२, तर एरॉक्स १५५ला दोन्ही १४ इंची. पावसाने डांबराची कड खाल्ली की जांभ्याचा दगड उघडा पडतो, आणि त्या खड्ड्यात लहान चाक पूर्ण उतरतं. मोठं चाक तोच खड्डा बराचसा वरून पार करतं. पाठ वाचते ती इथे, त्याचा सीसीशी संबंध नाही.

दुसरं वजन. एरॉक्स १२६ किलोची, झूम १६० जवळपास १४२ किलोची. रस्त्यावर हे वजन गाडीला जमिनीला धरून ठेवतं, पण खळ्यातून मागे ढकलत काढताना किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी पाटीवरून उतरताना तेच अंगावर येतं. चाचणीला सपाट रस्त्यावर फेरी मारून भागणार नाही. उतारावर गाडी थांबवून उताराकडचा पाय टेकवून बघा. टाच टेकली नाही तरी चालेल, चवडा पूर्ण टेकला पाहिजे. घरात ही गाडी आणखी कोणी चालवणार असेल, तर सर्वांत बुटक्या माणसाला सोबत न्या.

तिसरं फूटबोर्ड. एरॉक्स आणि झूम १६०ला पायांच्या मधोमध उंचवटा आहे. तांदळाची गोण, नारळाचं पोतं किंवा गणपतीची मूर्ती तिथे ठेवता येत नाही. कोकणात स्कूटर हा अर्धा टेम्पो असतो, तेव्हा सपाट फूटबोर्ड सोडण्याआधी घरात विचारून घ्या.

सीसीचे दोन आकडे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १२५च्या वर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. १२५पर्यंत २०१९च्या नियमानुसार कॉम्बी ब्रेकवर (एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक) भागत होतं. पावसात शेवाळलेल्या वळणावर हा फरक कळतो. आणि १५०च्या वर गेलं की थर्ड पार्टी विम्याचा गट बदलतो. २०२२च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, तर त्यावर ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये, आणि नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागा. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, नव्या गाडीच्या विम्याला लागतो.

आधी हवा, मग स्प्रिंग

गाडी आली की पहिले हजार किलोमीटर काहीही बदलू नका. कडक वाटणारी सीट आणि शॉकअप एवढ्यात थोडे बसतात. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला हे कळत नाही.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. पेट्रोलपंपावरच्या काट्यावर विसंबू नका, दोन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज ठेवा. ॲक्टिवासारख्या गाडीला पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ पीएसआय असते. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमध्ये किंवा स्टिकरवर असतील. पंक्चरवाला सवयीने दोन्हीकडे ३५-४० ठोकतो. मग पुढचं चाक दगडावरून उडतं आणि मालक शॉकअपला शिव्या देतो.

मागचा शॉकअप लावायला मोजपट्टी आणि एक मदतनीस पुरे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी असू द्या. चाकाच्या नटापासून बरोबर वर बॉडीवरच्या एका ठरावीक बोल्टपर्यंतचं अंतर मोजा, समजा ४२० मिमी आलं. आता गाडी खाली घ्या, रोजच्या कपड्यांत हेल्मेटसह बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. ३९८ आलं तर गाडी २२ मिमी बसली. स्कूटरच्या मागच्या चाकाची हालचाल साधारण ८० मिमीच्या आसपास असते. त्यातली पाव ते थोडी जास्त, म्हणजे २० ते २५ मिमी एकट्याला ठीक. डबलसीट ३५च्या पुढे गेली तर हुकपान्याने स्प्रिंगखालचं खाचांचं कडं फिरवून स्प्रिंग एक घर चढवा. न चढवता घाटात गेलात तर गाडी बुडाशी आपटते आणि हेडलाइट आभाळाकडे बघतो.

ही घरं खाऱ्या हवेत गंजून जाम होतात. दर तीन महिन्यांनी एकदा खालून वरपर्यंत फिरवून ग्रीस लावा.

शॉकअप बदलायचाच असेल तर दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली लांबी मूळच्याइतकीच हवी. १० मिमी लांब घातला की मधल्या स्टँडवर चाक जमिनीला टेकलेलंच राहतं आणि हँडल चंचल होतं. स्वस्त ‘गॅस’ शॉकअपवरची डबी बऱ्याचदा नुसती शोभेची असते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन शॉकअप-पाय, १५-२० हजार किलोमीटरनंतर मऊ पडतो. त्यात तेल बदललं तरी बराच जीव येतो, फक्त दोन्ही पायांत मॅन्युअलमधलं माप मिलीलीटरने सारखं हवं.

टायर रुंद करायचा मोह अनेकांना होतो. आधी गणित करा. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचे इंच. ९०/९०-१२च्या जागी १००/८०-१२ घातला तर व्यास ४६७ मिमीवरून ४६५ होतो, म्हणजे फरक नगण्य. ११०/८०-१२ घातला तर ४८१ होतो. मग मडगार्डला घासणं, वेगाचा काटा कमी दाखवणं आणि पिकअप जड होणं आलंच.

सीट

इथे पैसा घालायला हरकत नाही. तासाभराने बूड दुखतं त्याची कारणं दोन असतात: फोम बसून खालच्या प्लास्टिकचा टणकपणा लागतो, किंवा सीटला पुढे उतार असल्याने माणूस सतत घसरत राहतो आणि स्वतःला मागे ढकलून कंबर दमते. दुसरं कारण जास्त आढळतं, पण लोक पहिल्याचाच इलाज करतात.

सीटवाल्याला ‘मऊ कर’ एवढंच सांगू नका. मऊ फोम दुकानात गोड लागतो, चाळीस किलोमीटरवर पापड होतो. ४० डेन्सिटीचा फोम मागा. बसण्याच्या जागी जुना फोम साधारण २० मिमी खोल कापून तिथे तेवढाच नवा बसवला तर उंची न वाढता आधार मिळतो. उतार काढायचा तर पुढच्या बाजूला १० ते १५ मिमीची पाचर भरायची. मांड्यांच्या कडा मात्र तासून घ्यायच्या, नाहीतर पाय जमिनीला कमी पडतात. चिकटवल्यावर कव्हर ओढण्याआधी तसंच बसून बघा. चुकलं तर सुधारायला हीच वेळ असते.

आता पावसाचं. शिलाईच्या भोकांतून पाणी आत जातं, फोम स्पंजासारखा पितो आणि पुढचे चार महिने पँट ओली. म्हणून फोमवर जाड प्लास्टिकचा अखंड कागद, मग कव्हर, आणि शिलाई बसण्याच्या जागेवर न येता कडेला. पिना स्टेनलेसच्या, ६ मिमी लांब. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजून तुटतात आणि कव्हर सुटतं. लांब पिना प्लास्टिक फोडून डिक्कीतल्या रेनकोटला भोकं पाडतात.

मागे बसणाऱ्याला पाठीला टेकू हवा तर त्याचा पाइप मूळ ग्रॅबरेलच्या बोल्टवर बसणारा घ्या. साडीगार्ड आणि पकडायचा दांडा काढू नका. ते नियमानेही लागतात.

वारा, पेटी, दिवे

उंच काच छातीवरचा वारा थांबवते, पण तिची वरची कड नाकाच्या रेषेत असावी. डोळ्यांसमोर आली तर पावसात काचेतूनच बघावं लागतं, आणि वायपर नसतो. आणखी एक गोष्ट म्हणजे हँडलवर बसणारी मोठी काच आडव्या वाऱ्यात हँडलच फिरवते. आरे-वारेच्या रस्त्यावर किंवा खाडीपुलावर दुपारचा खारा वारा सुटला की हे समजतं. पुढच्या बॉडीवर बसणारी लहान काच घ्यावी.

मागची पेटी चाकाच्या आसाच्याही मागे लटकते. भरली की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि ६०च्या पुढे हँडल थरथरतं. कॅरिअरवर लिहिलेली वजनाची मर्यादा बहुतेक वेळा अगदीच थोडी असते, ती वाचा. जड सामान फूटबोर्डवर किंवा डिक्कीत ठेवावं, पेटीत रेनकोट आणि डबा.

आंबोलीच्या धुक्यासाठी जादा दिवे लावायचे तर पिवळे, हेडलाइटच्या खाली. २० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर खातात, तेव्हा रिले (दिव्यांचा भार छोट्या स्विचवर न येऊ देणारा जोड-स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज हवा, वायर किमान १ चौरस मिमीची. हॉर्नच्या वायरीला टोचून जोडलेले दिवे कोकणात सहा महिने टिकतात. तांबं हिरवं पडून पावडर होतं. जोड डाख देऊन हीट-श्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीने बंद करा. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून भिंतीपासून ५ मीटरवर गाडी ठेवून प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या ५ सेमी खाली आणा. सायलेन्सर बदलणं, गाडीची मूळ रचना बदलणं मात्र कायद्यात बसत नाही.

घाटात

चढाला पिकअप मिळत नाही म्हणून हलके रोलर (बेल्टच्या पुलीतले, वेगाप्रमाणे गिअर बदलणारे छोटे वजनी गोळे) घालण्याआधी बेल्टचं झाकण उघडा. निम्म्या वेळा बेल्ट घासलेला आणि रोलर एका बाजूने सपाट पडलेले असतात. नवे मूळ रोलर घातले की काम होतं. तरीही बदलायचे तर सगळे एकाच वजनाचे, प्रत्येकी १ ग्रॅमने हलके, सोनाराच्या काट्यावर तपासून. इंजिन जास्त ओरडेल आणि ॲव्हरेज थोडं पडेल.

उतारावर गिअर नसलेल्या गाडीची खरी परीक्षा असते. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग फार कमी केला की क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. सगळा भार ब्रेकवर. किंचित ॲक्सिलरेटर देऊन सोडला की क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडीला रोखतं. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दोन्ही मिळून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. लिव्हर मुठीला टेकायला लागली तर लायनर तापलेत. दहा मिनिटं थांबा, त्यावर पाणी ओतू नका. डिस्कचं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून इथे दोन वर्षांनी बदलायचंच.

मीठ

बसवलेली प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. म्हणून लागेल तेवढंच लावा. लेगगार्डच्या पाइपाला सर्वांत खाली ५ मिमीचं भोक पाडून ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट घालताना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं मलम) लावा, नाहीतर दोन वर्षांनी बोल्ट निघतो तो आट्यांसकट. जुनं इंजिन ऑईल खालून फवारायची पद्धत जुनी आहे, पण ते रबर खातं आणि लायनरवर गेलं तर ब्रेक जातो. त्याऐवजी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांबरोबरच मे महिन्यात गंजरोधक कोटिंग करून घ्या.

पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) नेलेली किंवा फेरीबोटीतून आणलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, प्रेशरचा पाइप बेअरिंगवर आणि बेल्टच्या झाकणाच्या फटीवर न मारता. मग पाच मिनिटं चालवून ब्रेक वाळवा, केबलच्या तोंडात तेलाचे दोन थेंब सोडा आणि गाडी पडवीत वारा लागेल अशी उभी करा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधलं तर ती उघड्यावर ठेवण्यापेक्षा लवकर गंजते.