नागपंचमीची मेंदी आणि जुन्या साडीची झबली: तान्ह्या बाळाच्या आईसाठी

सातारा-सांगलीकडे मेंदी बहुतेक घरांत चतुर्थीच्या रात्री, भावाच्या उपवासाच्या दिवशी लागते. पण खऱ्या मेंदीचा रंग काढल्याबरोबर नारिंगी दिसतो आणि पूर्ण गडद व्हायला जवळजवळ ४८ तास घेतो. पंचमीला हात लालबुंद हवे असतील तर मेंदी तृतीयेच्या संध्याकाळी लावावी. पंचमीला चिरणं-कापणं, शिवणं टाळतात. त्यामुळे बाळाच्या झबल्यांचं कात्रीकामही त्याआधीच उरकावं लागतं. दोन्हीचा खर्च थोडा आहे. मेंदी पूड, लिंबू, साखर, थोडं निलगिरी तेल विकत आणायचं, बाकी सगळं घरात असतं.

आधी पूड. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे पुष्कळ पाकिटांवर ते नाव दिसतं. नावापेक्षा पारख महत्त्वाची. केसांची पूड जाड असते, तिच्यात आवळा, शिकेकाई किंवा इतर रंगही असतात. हाताला ती चालत नाही. पूड हिरवट, मऊ आणि वाळलेल्या पाल्याच्या वासाची असावी. तपकिरी पडली असेल तर जुनी समजावी. भडक, एकसारखा हिरवा रंग दिसला तर वरून रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. चिमूटभर पूड लिंबाच्या रसात कालवून काही तास झाकून ठेवा. मग तिचा ठिपका तळहातावर दहा मिनिटं ठेवून पुसा. नारिंगी डाग उमटला तर पूड जिवंत आहे. डाग उमटला नाही तर लवंग, कात, चहा काहीही घाला, रंग येणार नाही. कात आणि चहा स्वतःचा थोडा तपकिरी रंग देतात एवढंच. चहाचं पाणी वापरायला हरकत नाही, पण मेंदी रंगते ती तिच्या स्वतःच्या रंगद्रव्याने. ते पाल्यातून हळूहळू सुटतं आणि आंबट रसात जास्त वेळ टिकतं.

५० ग्रॅम पुडीचं माप असं. पूड जुन्या नायलॉनच्या ओढणीतून चाळा. एक काडी राहिली तरी कोनाचं तोंड बुजतं. तिच्यात एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साखर घाला. लिंबाचा रस आणि गार झालेलं चहाचं पाणी अर्धं-अर्धं मिळून १२५ ते १४० मिली लागतं. त्यातलं १०० मिलीच आधी घालून घट्ट कालवा. नुसता लिंबाचा रस घेतला तर नाजूक हाताची त्वचा कोरडी पडून खाजते. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. प्लास्टिक मेंदीला चिकटेल असं दाबून वर झाकण ठेवा, म्हणजे हवा लागणार नाही. मे महिन्यात सांगलीत सहा ते आठ तासांत रंग सुटतो. श्रावणात पाटण-जावळीच्या गारठ्यात बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. वरचा थर तपकिरी आणि खाली हिरवा दिसला, तळहातावरचा ठिपका पाच मिनिटांत नारिंगी उमटला, की मेंदी तयार. मग दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, निलगिरी तेल घालून घोटा. तेलाने रंग गडद होतो, पण तेल जास्त झालं तर मेंदी सुटते आणि रेघ पसरते. उरलेलं पाणी थोडं थोडं घाला. चमच्यावरून न तुटता, सलग पट्टीसारखी पडली की थांबा.

साखरेचं माप हवेप्रमाणे बदलावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. साखर मेंदी हाताला चिकटवून ठेवते आणि हवेतलं पाणीही ओढते. जत, आटपाडी, माणच्या कोरड्या हवेत मेंदी वाळून तडकते, पापुद्रे गळतात. तिथे दीड मोठा चमचा साखर घाला. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात तेवढीच साखर घातली तर मेंदी वाळतच नाही, ओघळते. तिथे अर्धा मोठा चमचा पुरे.

कोनासाठी साडी किंवा शर्टाच्या वेष्टणाचा कडक, पारदर्शक कागद चालतो. मऊ पिशवी चालत नाही. ८ इंच लांब, ६ इंच रुंद तुकडा कापा. लांब बाजूच्या मध्यावर टोक धरून एका कोपऱ्याकडून गुंडाळत जा. टोकाला भोक दिसता कामा नये. बाहेरची कड चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. मेंदी तीन चतुर्थांश भरून मागचं तोंड दुमडून चिकटवा. टोक टाचणीने उघडा. कात्रीने कापलं तर भोक मोठं होतं. अडकली तर टोकात टाचणी फिरवा, जोराने दाबू नका, मागून शिवण फुटते. उरलेले कोन फ्रीजरमध्ये काही महिने टिकतात. बाहेर ठेवले तर दोन-तीन दिवसांत रंग मरतो.

बाळ अंगावर पीत असेल तर एका वेळी एकच हात रंगवा. पहिल्या संध्याकाळी डावा आणि दुसऱ्या संध्याकाळी उजवा. पंचमीला दोन्हीत थोडा फरक दिसेल, पण बाळाला उचलायला एक हात मोकळा राहतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हाताला तेल किंवा क्रीम असेल तर रंग धरत नाही. तळहात सर्वात गडद रंगतो, मनगटाच्या वर फिका. कातडीच तशी असते, मेंदीचा दोष नाही. सहा तास तरी ठेवा. वाळायला लागली की लिंबू-साखरेच्या पाण्याचा कापसाचा बोळा हलका टेकवा. थेंब पडला तर नक्षी फुटते. काढताना चमच्याच्या बोथट कडेने खरवडा, पाणी लावू नका. पुढचे बारा तास पाणी टाळायचं, म्हणजे लंगोट धुण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवूनच मेंदी काढा. पाण्यात हात घालावाच लागला तर आधी खोबरेल चोळा.

तान्ह्या बाळाला मेंदी लावू नका, हौसेखातर एक ठिपकाही नको. जी६पीडी या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटू शकतात, आणि ती कमतरता वरून कळत नाही. मोठ्या मुलांसाठी तेल न घालता, नुसत्या चहाच्या पाण्यात कालवलेली मेंदी वापरा. दहा मिनिटांत काळाभोर रंग देणारी मेंदी कुणालाच लावू नका. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. फोड येतात, डाग राहतात आणि पुढे कलप लावला तरी अंगावर उठतं. खरी मेंदी काळी नसतेच. बाळाचं काजळही डोळ्यांत न घालता गालबोटापुरतंच ठेवा.

आता साडी. झबल्याला नवं कापड आणण्यापेक्षा दहा वेळा धुतलेली सुती साडी बरी, कारण तिची खळ गेलेली असते आणि कापड आटायचं ते आटलेलं असतं. सुती आहे की नाही ते धाग्यावरून बघा. सुती धागा जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो, ते कापड लंगोटाला नको. आठवडी बाजारात कटपीस घेतानाही हीच पारख करा. ओल्या पांढऱ्या कापडाने घासून रंग उतरतो का तेही पाहा. साडी उजेडात धरा, विरलेला भाग बहुतेक बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खाली सापडतो. फॉल उसवा, जरीचा काठ काढा, तो बाळाला टोचतो. कापायच्या आधी कापड दहा मिनिटं उकळून उन्हात वाळवा.

सहावारीची रुंदी साधारण ४५ इंच असते. २७ इंच लांबीत १८ इंच रुंदीचे दोन तुकडे आणि वर ९ इंचाची पट्टी निघते. ५४ इंचांत चार झबली, आणि पट्ट्यांतून नाड्या व गळ्याची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी. पुढच्या ४४ इंचांत २२ इंचांचे चार चौकोन, ते कर्णावर कापले की आठ लंगोट. म्हणजे अडीच मीटरमध्ये चार झबली आणि आठ लंगोट होतात.

झबल्याचा तुकडा आडवा आणि मग उभा दुमडा, म्हणजे चार पदर होतात. आडव्या दुमडीवर खांदा येतो, तिथे शिवण नको. मध्यापासून पावणेदोन इंच गळा, मागे अर्धा इंच खोल, पुढे दोन इंच. अंगाची रुंदी मध्यापासून साडेपाच इंच, बाहीची रुंदी साडेचार इंच. काखेत काटकोन न ठेवता गोलाई द्या आणि शिवल्यावर तिथे बारीक चिरा मारा, नाहीतर हात वर केला की कापड ओढतं. पुढचा भाग मध्ये उभा कापा. शिवणीची बाजू बाहेर ठेवा, बाळाच्या अंगाला गुळगुळीत बाजू लागू द्या. बटण आणि पिन नकोत. सहा इंचांच्या नाड्यांच्या दोन जोड्या छातीवर आणि पोटावर लावा, गळ्याशी लावू नका. लांब नाडी गळ्याभोवती गुंडाळते.

उरलेल्या भागातून ३६ बाय ३० इंचांची तीन पदरी छोटी वाकळ, म्हणजे गोधडी, होते. विरलेला तुकडा मधल्या पदरात घाला, चांगलं कापड वर-खाली. आधी मध्यापासून कडेकडे मोठे टाके घालून पदर बसवा, कडेकडून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो. मग धावदोऱ्याच्या ओळी पाऊण-पाऊण इंचावर. पावसात वाळायला वेळ लागतो, म्हणून चौथा पदर घालू नका.