गॅस ग्रिलवर मांसाला धुरी देताना या चुका टाळा

निखाऱ्यावर तूप सोडून पाच मिनिटे झाकण ठेवले की धुंगार होतो; धुरी म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर लाकडाच्या धुरात मांस शिजवणे, ती तशी होत नाही, हे इकडे न्यू जर्सीत नव्याने ग्रिल घेणाऱ्या आपल्या मंडळींना सांगून मी थकलो आहे.

सर्वांची लाडकी चूक म्हणजे लाकडाच्या चिप्स रात्रभर पाण्यात भिजत घालणे. पाणी लाकडात फारसे मुरत नाही, आणि वरचे पाणी उडून जाईपर्यंत लाकूड १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही, त्यामुळे सुरुवातीला जो पांढरा लोट पाहून आपण खूश होतो, ती निव्वळ वाफ असते. मी हिकरीच्या (अक्रोडाच्या कुळातल्या एका अमेरिकन झाडाच्या) दोन मुठी कोरड्या चिप्स फॉइलमध्ये गुंडाळतो, काट्याने पाच-सहा भोके पाडतो आणि ती पुडी जाळीखाली, पेटत्या बर्नरवर ठेवतो. धूर पातळ आणि निळसर झाल्याशिवाय मांस आत जात नाही, कारण दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. साडेतीन किलोचा पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, सकाळी नऊला लावला होता आणि पाहुणे सहाला यायचे होते. दुपारी मांसातल्या थर्मामीटरचा काटा ६८ अंशांवर अडकला तो तीन तास हलेना, तेव्हा घाबरून मी तिन्ही बर्नर मोठे केले. चिप्सनी पेट घेतला, गळणाऱ्या चरबीचा भडका उडाला आणि वरून कोळसा, आतून चिवट असा तो गोळा बाजूला सारून पाहुण्यांना वरणभात वाढावा लागला. वास्तविक त्या टप्प्यावर काही बिघडलेले नसते; घामाने अंग गार व्हावे, तसे पृष्ठभागावरून उडणाऱ्या ओलाव्याने मांस थंड होत राहते. आता मी पहाटे पाचला सुरुवात करतो, एका टोकाचा एकच बर्नर पेटवून मांस दुसऱ्या टोकाला ठेवतो, आतली हवा ११० ते १२० अंशांत राखतो आणि काटा अडला की मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतो. ९३ अंशांच्या आसपास ते बोटांनी सुटते. लवकर झाले तर गुंडाळलेलेच बर्फाच्या रिकाम्या कूलरमध्ये ठेवावे. दोन तास सहज गरम राहते.

झाकणावरच्या थर्मामीटरवर विसंबू नये. तो वरची हवा मोजतो, जाळीवरची नव्हे. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहणाऱ्यांनी सरळ तव्यावर चॉप्स भाजावेत. पाइनचे किंवा रंग दिलेले लाकूड कधीही वापरू नये. कोंबडीला मात्र आतून ७४ अंश पुरेत, आणि तिला हिकरीपेक्षा सफरचंदाचे लाकूड बरे.