पिल्लू घरी येण्याआधी: जळगाव-धुळ्याच्या घरांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. खान्देशात पिल्लू आणायचं तर तुळशीची लग्नं लागून फटाके थांबले की आणा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. त्या काळात जे समोर आलंच नाही, त्याची धास्ती बसते आणि बरंचसं भुंकणं, चावणं त्या धास्तीतूनच येतं. हे आठवडे नेमके मे महिन्यात आले तर भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे गेलेला असतो, सकाळी नऊनंतर अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही आणि पिल्लू कूलरच्या खोलीत कोंडून मोठं होतं. थंडीत आणलेलं पिल्लू भर दुपारीही बाहेर नेता येतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येईपर्यंत त्याला पहाटे फिरायची सवयही लागलेली असते.

वय किमान आठ आठवडे हवं. आपण किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. लवकर तोडलेल्या पिल्लाला ते शिकवणं जड जातं. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तेव्हा विकणारा ‘दूध सुटलंय, घेऊन जा’ म्हणाला तरी थांबा. जातीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हस्की आणि सेंट बर्नार्ड ही थंड मुलखातली जनावरं इथं आणू नयेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नीट धापताच येत नाही आणि कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापण्यानंच. गल्लीतल्या गावठी कुत्रीचं पिल्लू या हवेला सरावलेलं असतं आणि शिकण्यात कुठल्याही महागड्या पिल्लाला मागे पडत नाही.

पिल्लू येण्याच्या आदल्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आजी ‘आठे ये’ म्हणणार, वडील ‘इकडे ये’ म्हणणार आणि पोरं ‘कम, कम’ करणार, तर त्या जिवाला काही उमगणार नाही. एकच शब्द ठरवा. दिवसभर घरी आजी असेल तर तिच्याच तोंडचा शब्द सगळ्यांनी घ्यावा. ये, बस, थांब, सोड, चल आणि जागेवर, एवढे शब्द पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले. ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि खाली पहाटे कोण नेणार, दुपारी कोण, रात्री झोपण्याआधी कोण, ही नावं लिहा. सोफ्यावर चढू द्यायचं का, ताटातलं द्यायचं का, याचाही निकाल तिथेच लावा. एकानं चोरून भाकरीचा तुकडा दिला की पिल्लू रोज पंगतीला येऊन बसतं आणि मग ओरडा खातं ते पिल्लू. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

नंतर घर पिल्लाच्या उंचीवरून बघा, खरंच फरशीवर पालथं पडून. कूलरची वायर, लोंबणारा चार्जर, डासांची कॉइल, चपला, सगळं वर. शहरात राहून शेती बघणाऱ्या आपल्याकडच्या घरांत जिन्याखाली फवारणीचा पंप, कपाशीच्या औषधाच्या अर्धवट बाटल्या आणि उंदरांचं औषध पडलेलं असतं. पिल्लू येण्याआधी ते कडीकुलपात गेलंच पाहिजे. गच्चीच्या कठड्याला फटी असतील तर जाळी लावून घ्या. उन्हाळ्यात त्याच गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत पडतात, तेव्हा ‘सोड’ हा शब्द त्याआधी पक्का व्हायला हवा. स्वयंपाकघरात कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात, म्हणून शेवभाजीचा रस्सा किंवा भरीत कौतुकानंही देऊ नका. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे पडतात, तीही नकोत. दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात.

शिकवायला खाऊ लागतो. उकडलेलं चिकन, पनीर किंवा उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घालता, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून डबीत भरून ठेवा. अशा दोन डब्या हव्यात, एक दाराजवळ आणि एक बैठकीत, कारण बक्षीस त्या कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळालं तरच पिल्लाला संबंध कळतो. तुम्ही आत जाऊन फ्रिज उघडेपर्यंत ते उठून भलतीकडे गेलेलं असतं आणि खाऊ त्या भलत्याच गोष्टीचा ठरतो. एका वेळी तीन-चार मिनिटंच शिकवा, दिवसातून चार वेळा, पोट गच्च भरलेलं नसताना.

शी-शूची सवय लावण्याची तयारी मात्र नीट करा, घरातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. जागा आधी ठरवा. बंगला असेल तर अंगणातला एक कोपरा, फ्लॅट असेल तर बाल्कनीत माती किंवा हिरवळीचा ट्रे. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोनेक तासांपेक्षा जास्त रोखू शकत नाही. म्हणून झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ संपला की, आणि एरवी दर दोन तासांनी त्याला त्याच जागेवर न्यायचं. रात्री एकदा गजर लावून उठावं लागेल, ते कुणी उठायचं हे कागदावर लिहिलेलं असू द्या. जागेवर नेलं की गप्प उभं राहायचं, खेळवायचं नाही. झालं की लगेच तिथेच खाऊ. ते फरशी हुंगत गोल गोल फिरायला लागलं तर ती सूचना समजा आणि उचलून बाहेर धावा. घरात झालंच तर नाक घासणं, पेपरनं मारणं यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग दिवाणाखाली जाऊन करतं. मुकाट्यानं पुसून घ्या. पुसायला पाण्यात थोडं व्हिनेगर घाला किंवा मिळाल्यास एन्झाइमवालं क्लीनर आणा, वास पुरता गेला नाही तर ते पुन्हा तिथेच बसतं. फिनाईल टाळा, पायाला लागलेलं ते चाटतं.

दात येताना ते चावणारच. चावायला रबरी खेळणं आणि गाठ मारून भिजवून गार केलेलं फडकं तयार ठेवा. हाताला दात लागले की खेळ तिथेच थांबवायचा आणि पाठ फिरवायची, हे लहान मुलांना आधी शिकवा. किंचाळत पळणारं पोर पिल्लाला शिकार वाटतं.

पशुवैद्य पिल्लू यायच्या आधीच ठरवा आणि रविवारी, रात्री कोण भेटेल तेही विचारून ठेवा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं चालते. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. गोचिडांचं औषधही त्यांनाच विचारा, आपल्याकडे गोचीड तापानं चांगली धडधाकट कुत्री खंगतात. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, पण म्हणून घरात डांबायचंही नाही, कारण ते मोलाचे आठवडे हेच आहेत. कडेवर घेऊन फाटकात उभं राहा. रिक्षा, केळीचा ट्रक, भंगारवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, बैलजोडी, एकेक दाखवा आणि प्रत्येकाबरोबर एक तुकडा द्या. ढोल-ताशे आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याला जेवू घाला. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवा. ते खायचं थांबलं तर तुम्ही फार वाढवलात, परत कमी करा. श्रावणात कानबाईची मिरवणूक दारावरून जाते, पाठोपाठ गणपती येतात. तोवर हे काम झालेलं असावं.

पट्टा-साखळी घेताना गळा आवळणारी चोक चेन घेऊ नका. छातीवरून जाणारा हार्नेस आणि दीड-दोन मीटरची साधी दोरी घ्या. आठवडाभर घरातच हार्नेस घालून वावरू द्या. बाहेर त्यानं ओढलं की तुम्ही खांबासारखं थांबायचं, दोरी सैल झाली की चालायचं. पहिले काही दिवस घरापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील, तेवढा वेळ हाताशी ठेवा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवून सात आकडे मोजा, मोजता आले नाहीत तर पिल्लाचे पंजे भाजतील. मेहरूण तलावाकडे किंवा पांझरेच्या काठी जायचं तर उजाडायच्या सुमारास जा. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर पळू नका, पिल्लाला घाईनं वर उचलून नाचवू नका, मध्ये उभं राहून शांतपणे बाजूला व्हा. भटक्यांना दगड मारू नका, तुमच्या हातात दोरी दिसली की ती दुसऱ्या दिवशी जास्त भुंकतील. मल उचलायला जुनी वर्तमानपत्रं किंवा पिशव्या खिशात असू द्या. लिफ्टचं दार उघडेपर्यंत ‘बस’ करवून घेतलं की सोसायटीतली निम्मी कुरबूर मिटते. अ‍ॅक्टिव्हाच्या पायदानावर उभं करून कुत्रं नेऊ नये, एका ब्रेकला ते रस्त्यावर.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं दाराआड जात जा. जाताना आणि येताना गळ्यात पडू नका.

आता तातडीचा कागद. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. उन्हात जोरजोरात धापणं, लाळ गळणं, हिरड्या लालभडक होणं, झोकांड्या जाणं दिसलं तर सावलीत आणून साधं पाणी पोटावर, मांड्यांत आणि पंजांवर ओता, पंखा लावा, बर्फात बुडवू नका, घशात पाणी ओतू नका, आणि थेट दवाखाना गाठा. घरच्या किंवा बाहेरच्या कुठल्याही कुत्र्याचे दात माणसाला लागले, ओरखडा जरी निघाला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद-मिरची भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते, आणि सगळे डोस पूर्ण करा. पशुवैद्याचा नंबर, रुग्णालयाचा नंबर आणि पिल्लाच्या लसीकरणाच्या तारखा या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजवर त्या शब्दांच्या यादीशेजारीच लावा, आणि घरात चष्मा लावणारी माणसं असतील तर त्यांना तो बिनचष्म्यानं वाचता येतो का, ते तपासा.