घरगुती सीएनसी मशीन: मटेरिअल आणि रेल निवडताना

सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर कापणारी मशीन) करायची ठरली की लोक पहिल्यांदा रेलचे, म्हणजे मशीनचे भाग ज्यांवर सरकतात त्या दांड्यांचे, कॅटलॉग चाळत बसतात. त्याआधी कापायचं काय ते ठरवा. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकच असेल तर अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची चौकट पुरते. अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल तर जाड भिंतीचा पोलादी चौकोनी पाइप घ्या. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) दमट हवेत फुगतो, त्यामुळे तो बेडवरच्या, म्हणजे काम ठेवायच्या पाटावरच्या, बदलत्या थरापुरताच ठेवा.

फक्त दोन टोकांवर टेकलेले गोल रॉड घेऊ नका. ‘थोडा जाड घ्या, चालतो’ असं सांगणारे भेटतीलच. १६ मिमी व्यासाचा, ८०० मिमी लांब रॉड मधोमध पाच किलोच्या भाराने साधारण पाऊण मिलिमीटर वाकतो, आणि लांबी दुप्पट केली की हे वाकणं आठपट होतं. खालून आधार असलेली एसबीआर गोल रेल लाकडाला चालेल. धातूला चौकोनी प्रोफाइल रेलच हवी. लहान मशीनला एचजीआर १५, म्हणजे १५ मिमी रुंदीची चौकोनी रेल, भरपूर झाली. २० चा आग्रह धरणाऱ्याला आधी त्याची चौकट कशाची आहे ते विचारा.

खरी परीक्षा रेल बसवताना होते, आणि माझाही सगळ्यात जास्त घाम इथेच गळला आहे. हातात ताठ वाटणारी रेल बोल्ट आवळले की खालच्या पृष्ठभागाचा आकार घेते. वेल्ड केलेला पाइप सपाट राहत नाही, उष्णतेने ओढला जातोच. वेल्डिंगनंतर दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मशीनिंग करून मिळाल्या तर उत्तम. नाहीतर पाइपच्या माथ्याला कड बांधून पातळ इपॉक्सी ओता. दोन्ही पाइपांमध्ये एक छोटी आडवी नाली ठेवा, म्हणजे पातळी एकच राहील. कडेला इपॉक्सी किंचित वर चढतं, म्हणून पट्टा रेलपेक्षा रुंद घ्या. पूर्ण कडक होईपर्यंत हात लावू नका.

पहिली रेल सरळपट्टीला धरून डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) तपासा आणि मधल्या बोल्टपासून टोकांकडे दोन फेऱ्यांत आवळा. दुसरी रेल सैल ठेवून गँट्री, म्हणजे दोन्ही रेलवरून सरकणारा आडवा पूल, जोडा. गँट्री एका टोकाला नेऊन तिथले बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाचे, मग मधले. प्रत्येक वेळी गँट्री त्या बोल्टच्या शेजारी हवी. नुसत्या कॅलिपरने रेलमधलं अंतर मोजून समांतर लावण्यावर माझा विश्वास नाही. जबडे जरा तिरके झाले की आकडा बदलतो.

आता एका बोटाने गँट्री ढकला. कुठे जड लागली तर ग्रीस भरून ती जागा लपवू नका, दुसरी रेल सैल करून पुन्हा लावा. आणि हो, ब्लॉक (रेलवर सरकणारा, आत बॉल असलेला ठोकळा) रेलवरून काढताना सोबतची प्लॅस्टिकची पट्टी टोकाला लावून त्यावरच सरकवा, नाहीतर बॉल जमिनीवर शोधत बसाल.

बॉल स्क्रू (फिरून गँट्री सरकवणारा स्क्रू) आणि मोटर त्यानंतरच.